पडद्याच्या कडेला उभी असलेली

मामा, काल तुमचं तेरावं झालं आणि आज दुपारी मी टीव्हीवरची चादर काढली. सुतकात लावायचा नाही म्हणून तेरा दिवस तो झाकलेला होता. चालू करायच्या आधी त्याच्या काळ्या काचेत तुमची बाज दिसली, बाजेमागचं दार दिसलं, आणि दारात कुणी आहे का म्हणून मी चटकन मागं वळले. कुणी नव्हतं. मग टीव्ही लावला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "लागलं बघा मामा, नावं येतायत." ऐकायला तरी कोण होतं? बाजेवर तुमची गोधडी घडी घालून ठेवलेली होती.

हे मी आपल्या पिक्चरच्या वहीतच लिहितेय. बी-बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली ती डायरी, तिची शेवटची चार-पाच पानं कोरी राहिलीत. सुनेनं सासऱ्याला असं पत्र लिहावं का, ते मला माहीत नाही. पण तुम्ही जायच्या दोन दिवस आधी मी तुम्हाला जे बोलले, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. अकरा वर्षं तुमच्याजवळ असलेली एक गोष्ट मी रागाच्या भरात तुमच्याकडून हिसकावून घेतली. ती खरंच गेली का तुमच्याजवळून? का राहिली? एवढंच मला कळायला हवं होतं. तेरा दिवस लोक येत होते, बसत होते, अण्णांसारखा माणूस होणे नाही म्हणत होते, आणि मी चहा देता देता तेवढंच घोळवत होते.

काचबिंदूनं तुमचे डोळे गेले, त्याच वर्षी मी तेरच्या अंगणवाडीत लागले. दुपारी दोनला घरी यायचे तेव्हा तुम्ही बाजेवर बसून टीव्हीचा आवाज ऐकत असायचात, चेहरा भलतीकडं. उस्मानाबादच्या टॉकीजवर, म्हणजे गावाला पुन्हा धाराशिव म्हणायला लागायच्या कितीतरी आधी, तुम्ही अठ्ठावीस वर्षं डोअरकीपर होतात. तेरहून एसटीनं जायचं, दाराशी तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवायच्या. एक दिवस तुम्ही म्हणालात, "वैशाली, जरा बस की हितं. काय चाललंय तेवढं सांग." मी बसले. मला वाटलं पाच मिनिटं.

सासऱ्याला पिक्चर सांगणं सोपं नसतं, मामा. पहिल्याच आठवड्यात एक नवीन प्रेमाचं पिक्चर लागलं. गाणं थांबलं, सगळं शांत झालं आणि तुम्ही विचारलंत, "आता काय चाललंय?" मी पदर सावरून म्हणाले, "बोलतायत." "आवाज न्हाय यीत." "हळू बोलतायत." तुम्ही थोडं थांबलात. "लई येळ चाललंय बोलनं." मी टीव्हीचा आवाज वाढवला. "चालू दे. तरणी हायत, बोलतील," असं म्हणून तुम्ही तोंड फिरवून हसलात, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर आपल्या घरात 'बोलतायत' म्हटलं की काय समजायचं ते समजायचं, असं न बोलता ठरून गेलं.

खोटं सांगायची सवय मला तिथूनच लागली असणार.

पिक्चर संपलं की तुम्ही म्हणायचात, "लिव्ह." मग मी वही घ्यायची. दोन ओळी, फार तर तीन. जुनं असो, नवं असो, सगळ्यांना तेवढंच. नावं तुम्ही तुमचीच ठेवायचात. आज पानं चाळत बसले होते. टांगेवाल्याचं, जुनं: 'घोड्याचं काम चांगलं. मानसांचं बरं. शेवटाला टांगा इकला ते पटलं न्हाय.' ह्या पिक्चरची गंमत आठवते का? सुरुवातीची पंधरा मिनिटं तुम्ही कायम दाराबाहेर, उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडत. त्यामुळं जुन्या पिक्चरांचे शेवट तुम्हाला तोंडपाठ आणि सुरुवात एकाचीही ठाऊक नाही. टांगेवाला आधी मोठ्या घरचा मुलगा होता, हे तुम्हाला सत्तरी उलटल्यावर माझ्याकडून कळलं. "आरं तिच्या!" म्हणालात. "तरीच त्यो लगाम असा धरतुया."

लढाईचं, नवं: 'तीन तास बंदुका वाजल्या. येका शिपायाला भूक लागली न्हाय.' सरपंचाचं, नवं, मराठी: 'सरपंचाचे कपडे लई पांढरे. येवढे पांढरे आसते तर आमी वळखलंच नसतं.' आजारी आईचं, जुनं: 'बाई मराया पाऊण तास घेती. रडू येतं, पर खुर्ची टोचाया लागती.' हे शेवटचं वाचून तुमचा मुलगा हसला होता. हसला आणि उठून बाहेर गेला, कारण त्याची आई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेली. तुम्ही विचारलंत, "गेला का त्यो?" मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तेवढं खोडून टाक." मी खोडलं नाही. तुमच्या मताला हात लावायचा नाही, हे मी माझ्याशी ठरवलेलं होतं. मतांना कधी हात लावला नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगता येईल.

नव्या पिक्चरांवरून आपण किती भांडलो! तुमचं म्हणणं असं, की नव्या पिक्चरात माणूस दारातून आत येतच नाही, बघावं तेव्हा तो घरातच असतो. "मानूस आत येतुया आन् जातुया कसा, ते दिसलं पायजे. न्हायतर कुनाचं घर ते?" मी म्हणायचे, नव्या पिक्चरात माणसं आपल्यासारखी बोलतात, ते जास्त खरं वाटतं. त्यावर तुम्ही, "आपल्यासारखं बोलनारं ऐकाया तिकीट कशापायी काढायचं?" मी चिडायचे. "तेरखेड्याची हाय, वात आखूड हाय," म्हणून तुम्ही आणखी डिवचायचात. माझं माहेर फटाक्यांच्या गावचं, हे तुम्ही अकरा वर्षांत एकदाही विसरू दिलं नाहीत.

ते टांगेवाल्याचं पिक्चर चाललं होतं, त्याच दुपारी पहिल्यांदा झालं. बाजाराचा देखावा होता. तुम्ही मान जराशी डावीकडं कलवलीत आणि म्हणालात, "ती कडंला हुबी हाय ती कोन?"

मी नीट बघितलं. भाजीवाले होते, टांगे होते. कडेला कुणी नव्हतं. तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दोन येन्यांची पोरगी. आसंल दहा-बाराची." मला वाटलं, तुम्हाला जुनं काही आठवत असेल. पण पुढच्या आठवड्यात लढाईच्या पिक्चरात, डोंगरावर, बर्फात, तुम्ही पुन्हा मान कलवलीत. "आज बी आलीया." भर दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि माझ्या हातावर काटा आला. बर्फात एक चिटपाखरू नव्हतं, मामा.

मी ह्यांना विचारलं. ह्यांनी आधी टाळलं, मग मोटारसायकल पुसता पुसता, माझ्याकडं न बघता सांगितलं. लग्नात मला सांगितलं होतं की एक नणंद होती, सुमन, ती तापानं गेली. ती तापानं गेली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तिनं मेंढपाळाच्या घरातल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. आणि तुम्ही तेरणेच्या काठी जाऊन तिचं जितेपणी दहावं घातलंत. पिठाची बाहुली केली, तिला अग्नी दिला, डोकं भादरून घेतलं, गावाला गोडाचं जेवण दिलं. घरातला एकेक फोटो त्याच बाहुलीबरोबर जाळला. "तेव्हापासून ती मेलीय," हे म्हणाले, आणि पुसलेलंच चाक पुन्हा पुसायला लागले.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्या माणसाला मी हाताला धरून मोरीपर्यंत नेते, त्यानं हे केलं? तुमचा राग आला, खरं सांगते. आणि एक गोष्ट कळेना. ती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मग तुम्हाला दहा-बाराची का दिसते?

एकदा मी धीर करून म्हणाले, "मामा, ताईंना फोन लावून बघायचा का?" तुम्ही चहाचा घोट घेतलात, बशी खाली ठेवलीत. "मेलेल्या मानसाला फोन लागत न्हाय," म्हणालात. आवाज इतका थंड होता की पुढं बोलायची माझी छाती झाली नाही. आपलं ते भांडण तिथंच अडकून राहिलं. मी आणखी दोनदा तरी रेटायला हवं होतं, आणि तुम्ही एकदा तरी तिचं नाव घ्यायला हवं होतं. दोघंही चुकलो.

मग एका दुपारी तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "आली का?" आणि मी फारसा विचार न करता म्हणाले, "आली."

तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. त्यानंतर 'नाही' म्हणणं मला जमलं नाही. प्रत्येक पिक्चरात मी तिला आणून उभी केली. राजवाड्यात खांबाआड, कोर्टात वकिलांच्या मागं, नव्या पिक्चरातल्या उंच इमारतीत लिफ्टच्या बाजूला. आज निळी रिबन आहे, आज फ्रॉकला खिसा आहे, आज हातात शेंगा आहेत. तुम्ही कधी कधी पिक्चर सोडून तिचंच ऐकायचात. मी तिला थोडी मोठी करायला गेले, साडी नेसवली, तर तुम्ही मान हलवलीत. "न्हाय. नीट बघ. फ्राकच हाय." मला वाटायचं सांगतेय मी, पण चूक तुम्ही काढायचात.

एकदा, लग्नाच्या पिक्चरात, बोलता बोलता मी म्हणाले, "उभ्या उभ्या एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवतेय."

तुम्ही ताठ झालात. "तुला कुनी सांगितलं?"

"काय, मामा?"

"ती आसंच करती. पाय भरून आले की." तुम्ही माझ्याकडं तोंड वळवलंत. "तुला दिसतीया?"

मी माझ्या मनानं बोलले होते, मामा. अंगणवाडीतली पोरं रांगेत तशी उभी राहतात, तेच तोंडात आलं. पण तुमच्या प्रश्नाला मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. त्या दिवशी तुम्ही जे लिहायला लावलंत ते असं आहे: 'लगीन झ्याक. मांडव खरा वाटला. कुनीतरी तिला पानी द्याया पायजे व्हतं.'

ह्याच्यानंतरचं मी तुम्हाला सांगितलेलं नाही. तुम्हाला नीट सांगता यावं म्हणून मी नवी पिक्चरं आदल्या दिवशी मोबाइलवर बघून ठेवायचे. अशाच एका दुपारी एकटी बघत होते. जत्रेचा देखावा होता, पाळणे, गर्दी, आणि कडेला, मिठाईच्या दुकानाच्या बांबूला टेकून, दोन वेण्यांची एक मुलगी सरळ माझ्याकडं बघत होती. मी थांबवलं. मागं नेलं, पुन्हा लावलं. बांबू होता, बायका होत्या. पुन्हा मागं नेलं. म्हणाल तर होती, म्हणाल तर नव्हती. मी मोबाइल पालथा घालून अंगणात जाऊन उभी राहिले आणि हे येईपर्यंत आत गेले नाही. दुसऱ्या दिवशी तोच देखावा आल्यावर तुम्ही विचारलंत, "आली का?" तेव्हा माझी बोबडी वळली. अकरा वर्षांत तेवढ्या एका दिवशी तुम्हीच मला म्हणालात, "व्हय, आलीया. गप बस आता."

आणि भुताचं पिक्चर! तुम्हीच हट्टानं लावायला सांगितलं होतं. मी तिला आणायच्या आधीच तुम्ही म्हणालात, आज ती येणार नाही. वहीत आहे: 'भूत नकली. पोरगी आली न्हाय. अंधाराला भेती ती.' हे लिहिताना मला पिक्चरमधल्या भुतापेक्षा तुमचं जास्त भ्या वाटलं होतं, मामा. आता सांगायला हरकत नाही.

आपलं कुलदैवत अणदूरचा खंडोबा, इथून दोन तासांच्या वाटेवर. तरी तुम्ही सगळ्या घराला घेऊन दर वर्षी जेजुरीला जायचात. घरचा देव टाकून लांबच्या देवाला कशाला, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं, तर सगळे एकदम दुसरंच काही बोलायला लागले. सुमनताई अणदूरमध्येच राहतात, हे मला ह्या तेरा दिवसांत कळलं. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. दोन तासांवर बसलेल्या जित्या मुलीकडं तुम्ही गेला नाहीत, आणि दुपारी बाजेवर बसून मला विचारत होता, आली का.

आता तो दिवस. तोही लिहिते.

त्या दिवशी अंगणवाडीची सगळी माहिती मोबाइलवर भरायची होती आणि ती पुढं सरकत नव्हती. सकाळपासून डोकं ठणकत होतं. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. पिक्चर कसलं तरी हसायचं होतं, नवं, दोन चोर आणि एक म्हैस. तुम्ही विचारलंत, "आली का?" मी म्हटलं, अजून नाही. पाच मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. "बघ की नीट. आज काय घातलंय तिनं?"

आणि मी भडकले. "कुणी नाही तिथं, मामा! कधीच नव्हतं! अकरा वर्षं मी खोटं सांगतेय तुम्हाला. म्हैस आहे तिथं, म्हैस!"

पडद्यावर माणसं हसत होती. मला लगेच कळलं मी काय केलं ते, पण शब्द परत घ्यायला तोंड उघडेना. तुम्ही बराच वेळ तसेच बसलात, मान डावीकडं न कलवता, सरळ. मग हात पुढं करून बाजेची कड चाचपलीत.

"बरं," म्हणालात. "सरक जरा."

"कशाला?"

"सरक की. बसू दे तिला. किती हुबी ऱ्हाईल?"

मी सरकले, मामा. का, ते विचारू नका. वाद घातला नाही, समजूत काढली नाही, भिंतीच्या बाजूला सरकले. आपल्या दोघांच्या मध्ये जागा झाली. पिक्चर संपेपर्यंत आपण दोघंही त्या जागेला शिवलो नाही. कुकर उतरवायला उठायचं होतं, तरी मी उठले नाही. गोधडीला मध्ये जरासा खड्डा पडला होता. सुताची बाज, दोन्हीकडं माणसं बसल्यावर मध्ये ताण यायला हवा, खड्डा का पडावा? मी त्याच्याकडं फार वेळ बघितलं नाही. भात करपला. संपल्यावर मी वही घेतली तर तुम्ही म्हणालात, "आज लिवू नगं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही गेलेला होतात. भिंतीकडच्या अंगाला निजायची तुमची सवय. त्या सकाळी तुम्ही बाजेच्या अगदी बाहेरच्या कडेला होतात, मधली जागा सोडून.

लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. आलंही असेल. पण माझ्या डोक्यात एकच. तुम्ही माझ्यावर रागावून तसं बोललात, का माझी लाज राखायला, का तुम्हाला खरंच ती पडद्यातून उतरून आलेली कळली? आणि तुमच्या त्या चार शब्दांत असं काय होतं, की मी उठून सरकले?

काल सगळे पाहुणे गेल्यावर ह्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. अणदूरच्या एका पाहुण्याकडून सुमनताईंचा नंबर घेतला होता. "मला न्हाय व्हायचं. तू लाव," म्हणाले. आज दुपारी, टीव्ही लावून, मग बंद करून, मी लावला. मेलेल्या माणसाला फोन लागत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. दोन रिंगांत उचलला.

"कोण?"

"मी तेरहून बोलतेय. वैशाली. तुमच्या भावाची बायको."

मग बाईचा एक दमलेला, जाड आवाज आला. "तेरला माझं कुणी न्हाय, बाई. तिथं मी मेलेली हाय."

मी म्हणाले, "मामा गेले."

"ठाऊक हाय. त्याच दिवशी कळलं." मग म्हणाल्या, "आंगोळ करायची का न्हाय, तेच कळंना मला. मेलेल्या मानसानं बापाचं सुतक धरायचं आसतं व्हय? लई येळ न्हानीत हुबी ऱ्हायले. मग केली. तीन दिवस धरलं."

मी रडले, मामा. त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आन्नांनी कधी नाव काढलं का?"

अकरा वर्षं खोटं सांगून सांगून मी तयार झालेली बाई. एक गोड खोटं सहज सांगू शकले असते. पण म्हणाले, "नाव एकदाही घेतलं नाही." आणि मग थांबता येईना. सगळं सांगितलं. टांगेवाला, बर्फ, दोन वेण्या, मी तिला कशी आणत राहिले, जत्रेत मला काय दिसलं, भुताच्या पिक्चरात ती का आली नाही. आणि मी शेवटी कशी ओरडले तेही. मी म्हणाले, "ताई, तुम्ही गेलात एकोणिसाव्या वर्षी, आणि त्यांना तुम्ही दहा-बाराच्या का दिसत होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

"मला कळलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही त्यांना बरोबर टॉकीजला न्यायचात. दुपारच्या खेळाला गर्दी नसायची, निम्म्या खुर्च्या मोकळ्या. पण तिकीट नाही, म्हणून तुम्ही त्यांना खुर्चीवर बसू दिलं नाहीत. एकदाही नाही. दाराशी, तुमच्या शेजारी, दाराच्या पडद्याला टेकून त्यांनी सगळी पिक्चरं उभ्यानं बघितली. तीन-तीन तास. "पाय भरून यायचे. म्या इचारायची, आन्ना, बसू का? तर म्हनायचे, आता संपतच आलंय. हरेक येळंला. संपतच आलंय." त्या हसल्या असाव्यात, किंवा खोकल्या. "मालकानं काय म्हनलंबी नसतं. पर आन्नाच तसे."

मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांनी तुला सरकाया लावलं?"

"हो."

"तू सरकलीस?"

"सरकले."

"किती?"

"एक माणूस बसेल एवढी."

त्यांच्या घरात कुठंतरी भांडं पडलं, कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मग लहान मुलीसारखा, अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "मग बसले का गं मी?"

"बसलात," मी म्हणाले. "पिक्चर संपेपर्यंत."

ह्यात मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही, मामा.